हरताळ आणि निर्मळ छायाचित्र : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक परामर्श

हस्तलिखिताचे संपादन करणारा अभ्यासक पूर्वी पोथीचे पान हाती घेऊन वाचीत असे. आज तो बहुधा त्या पानाचे डिजिटल छायाचित्र पडद्यावर ठेवून वाचतो. पोथी मठातील वा घराण्यातील पेटीत राहते, तिची प्रतिमा तेवढी अभ्यासकापर्यंत येते. ही प्रतिमा पुष्कळदा अंधाऱ्या खोलीत, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने घेतलेली असते आणि म्हणून ती दाणेदार उतरते. पानाच्या सपाट पिवळटपणावर काळे, तांबडे, हिरवे कण विखुरलेले दिसतात व अक्षराच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. अशा वेळी ती प्रतिमा एखाद्या संगणकीय साधनातून 'साफ' करून घेण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे, की तिच्यासंबंधी काही विचार करावयास हवा असे कोणास वाटत नाही. वस्तुतः छायाचित्राची ही सफाई म्हणजे संपादनाचाच एक व्यापार होय. संपादनास जे नियम लागू आहेत ते तिलाही लागू पडतात किंवा नाहीत, हा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. फिल्मवरील छायाचित्रात जो दोष दिसे त्याला 'दाणा' हे नाव होते व ते अगदी यथार्थ होते. कारण फिल्मवर चांदीच्या क्षारांचे खरोखरीचे कण असत आणि त्या कणांचेच चित्र बनलेले असे. दाणा काढून टाकला तर चित्रच उरणार नाही, अशी ती स्थिती होती. डिजिटल कॅमेऱ्यात असे कण नसतात. तेथे असते ती मोजणी, आणि जो दोष दिसतो तो मोजणीतील अनिश्चितपणा होय. संदेशशास्त्राने त्यास 'गोंगाट' या अर्थाचा शब्द दिला. क्लॉड शॅनन याने १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला, तेव्हा संदेश आणि गोंगाट यांचे द्वंद्व त्याच्या केंद्रस्थानी होते. मराठीत 'रवा' आणि 'रव' हे शब्द ऐकावयास जवळचे आहेत. त्या ध्वनिसाम्यावरून त्यांचे नाते जोडण्याचे कारण नाही. परंतु रव्याकडून रवाकडे झालेल्या या स्थलांतरात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे, तो दृष्टीआड होऊ नये. दाणा हा शब्द आपल्याकडे निंदाव्यंजक नाही. तूप रवाळ असावे, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे असावे, अशीच आपली अपेक्षा असते. गोंगाट मात्र बंदच करावयाचा असतो. दोषाला गोंगाट म्हटले, की त्याचे निर्मूलन हे आपोआपच सत्कृत्य ठरते आणि निर्मूलनाबरोबर आणखी काय गेले हे विचारण्याची आवश्यकता उरत नाही.

हा गोंगाट येतो कोठून? त्याचा मोठा भाग प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणाकणाने येतो, आणि समान काळात समान संख्येने कण येतीलच असे नसते. विद्युत्प्रवाहातील अशाच चढउताराचे विवेचन वाल्टर शॉट्की याने १९१८ साली केले होते. नियम साधा आहे: सरासरीने जितके कण येतात त्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार अपेक्षित असतो. एखाद्या पिक्सेलवर १०,००० प्रकाशकण पडले तर चढउतार सुमारे १०० चा, म्हणजे एक टक्का होय. अंधाऱ्या जागी १०० च कण पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के होय. काळोखात घेतलेले छायाचित्र दाणेदार का दिसते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. कॅमेऱ्यावरील आयएसओचा आकडा वाढविल्याने अधिक प्रकाश मिळत नाही. मिळालेला संकेत तेवढा वाढवून दाखविला जातो, आणि त्याबरोबर त्यातील अनिश्चितपणाही वाढलेला दिसतो. याखेरीज संकेत वाचताना विद्युन्मंडलाकडून होणारी चूक असते, आणि उष्णतेमुळे संवेदकात आपोआप उत्पन्न होणारा भार असतो. यांतील काही दोष दर वेळी नवे असतात. काही मात्र त्या विशिष्ट संवेदकाला जडलेले, प्रत्येक चित्रात त्याच जागी उमटणारे असतात. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरेल.

कच्ची प्रतिमा तरी सर्वस्वी 'मूळ' असते काय? तसेही म्हणता येत नाही. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर याच्या नावाने ओळखली जाणारी रंगगाळणी, जिचे पेटंट १९७६ सालचे आहे, तीच आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. तीनुसार संवेदकाचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा व निळा यांपैकी एकच रंग मोजतो. निम्मे पिक्सेल हिरव्याचे, एक चतुर्थांश लालचे व एक चतुर्थांश निळ्याचे. राहिलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. म्हणजे डोळ्यांसमोर येणाऱ्या रंगीत चित्रातील प्रत्येक तीन मूल्यांपैकी दोन अनुमानितच असतात. अनुमानाला संपूर्ण बंदी घालावी, असा आग्रह म्हणूनच व्यर्थ आहे. वाद आहे तो अनुमान कोठे केले, कशाच्या आधाराने केले आणि ते केल्याची नोंद ठेवली की नाही, याविषयी.

सफाईच्या पद्धतींची छाननी याच कसोटीवर करावयास पाहिजे. त्यांतील एक जुनी व सोपी पद्धत मध्यकाची होय. प्रत्येक पिक्सेलभोवती एक चौकोन कल्पून त्यातील सर्व मूल्ये चढत्या क्रमाने मांडावयाची व मधले मूल्य त्या पिक्सेलला द्यावयाचे. हे शेजाऱ्यांचे बहुमत होय. एकाकी पडलेला काळा कण या बहुमताने नाहीसा होतो. परंतु एकाकी पडलेला प्रत्येक काळा कण गोंगाटच असतो काय? सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीचे पान ४,००० पिक्सेलांत टिपले तर एक पिक्सेल ०.०७५ मिलिमीटरचा होतो. बोरूच्या बारीक टोकाने दिलेला पाव मिलिमीटरचा अनुस्वार अशा चित्रात लांबीरुंदीने सुमारे तीन तीन, म्हणजे नऊ पिक्सेल व्यापतो. पाच गुणिले पाच पिक्सेलांच्या चौकोनात एकंदर २५ मूल्ये असतात व मधले मूल्य तेरावे असते. नऊ काळे मते कागदाच्या सोळा मतांपुढे पडतात, आणि अनुस्वार नाहीसा होतो. तो अंधुक होत नाही, पूर्ण नाहीसा होतो. आणि त्या जागी कागद इतका स्वच्छ दिसतो, की तेथे कधी काही होते अशी शंकाही येऊ नये.

मराठीच्या अभ्यासकास या एका बिंदूचे मोल सांगावयास नको. 'ते' आणि 'तें', 'जे' आणि 'जें' यांतील लिंगवचनभेद प्राचीन मराठीत त्या बिंदूवरच उभा आहे. 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन व 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन. 'नाव' म्हणजे होडी व 'नांव' म्हणजे अभिधान. पोथ्यांतील लेखनिक हा अनुस्वार नियमाने देतातच असे नाही. कोठे देतात, कोठे गाळतात. परंतु त्याच कारणाने प्रत्येक स्थळीचा अनुस्वार वा त्याचा अभाव हा स्वतंत्र पुरावा ठरतो. लेखनिकाचा काळ, त्याची परंपरा, त्याच्या बोलीतील अनुनासिकाची अवस्था यांविषयीचे कित्येक निष्कर्ष अशा बिंदूंची मोजदाद करूनच काढले जातात. ज्या प्रतिमांतून बिंदू गाळले गेले आहेत त्यांवरून केलेली मोजदाद लेखनिकाविषयी काही सांगत नाही. ती सांगते फक्त गाळणीविषयी.

मध्यकानंतरच्या पद्धती अधिक सूक्ष्म आहेत. ब्वादेस, कोल आणि मोरेल यांनी २००५ साली मांडलेल्या पद्धतीत शेजारीपणाची अट सैल केली आहे. एखाद्या तुकड्याचे मूल्य ठरविताना त्याच चित्रात अन्यत्र असलेले तत्सम तुकडे शोधावयाचे व त्यांच्या साम्याच्या प्रमाणात सरासरी घ्यावयाची, अशी ती रीत आहे. संदिग्ध शब्दाचा अर्थ त्याच ग्रंथातील अन्य प्रयोगांवरून लावणाऱ्या भाष्यकाराची ही रीत होय. आणि तिचे गुणदोषही तेच आहेत. जे वारंवार येते ते तिच्यामुळे स्पष्ट होते. जे एकदाच आले आहे, त्याला आधार मिळत नाही. मग एक तर ते तसेच दाणेदार राहते, किंवा जवळपासच्या परिचित रूपाकडे ओढले जाते. व्याकरणाच्या अभ्यासात तर एकदाच आलेल्या रूपाचे महत्त्व पुष्कळदा अधिक असते.

गेल्या दशकापासून प्रचारात आलेल्या कृत्रिम जाळ्यांची रीत याहून निराळी आहे. ही जाळी निर्मळ व सदोष चित्रांच्या जोड्यांवरून शिकविली जातात व ती आपली स्मृती घेऊन नव्या चित्राकडे येतात. भाष्यकार येथे ग्रंथाबाहेर जातो. पूर्वी वाचलेल्या हजारो ग्रंथांवरून प्रस्तुत स्थळी काय असावे, हे तो ठरवितो. ज्या ठिकाणी चित्रात पुरेसा संकेत आहे तेथे या स्मृतीचे साहाय्य अमोल आहे. जेथे संकेत नाही तेथे मात्र ती स्मृतीच चित्र रेखाटू लागते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या, पुसट चेहऱ्यावरून सुस्पष्ट चेहरा घडविणाऱ्या साधनाला बराक ओबामा यांचे पुसट छायाचित्र दिले असता त्यातून एका गौरवर्णी पुरुषाचा चेहरा बाहेर पडला. चेहरा अत्यंत रेखीव होता. तो फक्त ओबामांचा नव्हता. हीच गोष्ट लिपीला लागू केली तर काय होईल, हे समजणे अवघड नाही. मराठी लेखनाचे नियम १९६२ साली बदलले व अनुच्चारित अनुस्वार छपाईतून गेला. त्यानंतरच्या छापील मजकुरावर पोसलेल्या जाळ्याने 'नाव' हा शब्द लक्षावधी वेळा पाहिला असेल, 'नांव' क्वचितच. त्यापुढे पोथीतील दाणेदार 'नांव' आला तर शिरोरेषेवरील तो अस्पष्ट ठिपका गोंगाटात जमा होण्याची शक्यताच अधिक. नियमबदलापूर्वीची भाषा अशा रीतीने नियमबदलानंतरच्या शुद्धलेखनात नकळत रूपांतरित होईल, आणि ते रूपांतर अक्षराच्या पातळीवर न होता प्रकाशाच्या पातळीवर झाल्यामुळे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

ही भीती काल्पनिक आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास एक घडलेली गोष्ट सांगता येईल. डाव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने २०१३ साली दाखवून दिले, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे कागदाची प्रतिमा घेताना आकडे बदलीत होती; ६ च्या जागी ८ उमटत होता. जागा वाचविण्यासाठी परस्परसदृश आकृतींपैकी एकच साठवून ती सर्वत्र वापरण्याची युक्ती त्या यंत्रांत होती, आणि सादृश्याची कसोटी सैल पडली होती. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की बदललेला आकडा पुसट नव्हता. तो इतर आकड्यांइतकाच ठसठशीत होता. पूर्वीच्या काळी वाईट प्रत ही दिसावयासही वाईट असे आणि वाचक आपोआप सावध होई. नव्या साधनांत प्रतीचे देखणेपण व तिची विश्वसनीयता यांची फारकत झाली आहे.

आता पाठचिकित्सेने याच स्वरूपाच्या अडचणीतून कसा मार्ग काढला, ते पाहणे उपयुक्त होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली व १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण होय. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जी तत्त्वे मांडली, त्यांतील दोन येथे विशेष प्रस्तुत आहेत. पहिले, सुगम व दुर्गम असे दोन पाठ समोर आले असता सामान्यतः दुर्गम पाठाकडे झुकावे; कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. सफाईची प्रत्येक पद्धत नेमकी याच्या उलट दिशेने चालते. जे अधिक संभवनीय, अधिक परिचित, अधिक गुळगुळीत, तेच ती स्वीकारते. दुसरे, जेथे संपादकाचा निर्णय निःसंशय नाही तेथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ द्यावी. ही रेघ म्हणजे संपादकाच्या प्रामाणिकपणाचे चिन्ह होय. निर्णय तर घेतला आहे; परंतु तो किती बळकट आहे हेही वाचकास सांगितले आहे. सफाई झालेल्या छायाचित्रात अशी रेघ कोठेही नसते. संकेताने सिद्ध झालेली रेषा आणि अनुमानाने भरलेली रेषा सारख्याच काळ्या असतात. अशा चित्राचे वर्णन पाठभेदांवाचून छापलेली संहिता असेच करावे लागेल.

प्रतींच्या संख्येविषयीचा विचारही येथे मार्गदर्शक आहे. एकाच पानाची, कॅमेरा स्थिर ठेवून, अनेक छायाचित्रे घेतली व त्यांची सरासरी काढली, तर दर वेळी नव्याने येणारा गोंगाट चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: चार चित्रांनी निम्मा, सोळांनी चतुर्थांश. येथे प्रत्येक चित्र हा स्वतंत्र साक्षीदार असतो, शेजाऱ्याच्या मतावर वा पूर्वस्मृतीवर काहीही सोपविलेले नसते, आणि अनुस्वार पुसला न जाता उलट ठळक होतो. म्हणून ही सर्व उपायांत निर्दोष म्हणावी लागेल. परंतु संवेदकाला जडलेला जो दोष दर वेळी त्याच जागी उमटतो, तो हजार चित्रांनीही जात नाही. एका सदोष प्रतीवरून उतरलेल्या शंभर प्रती एकच चूक सांगत असतील, तर त्या शंभर साक्षी नसून एकच साक्ष असते, हे पाठचिकित्सेचे आद्य सूत्र आहे. त्यावर उपायही तत्सम आहे. भिंगावर टोपण ठेवून तितक्याच वेळेचे संपूर्ण काळे चित्र घ्यावयाचे. त्यात जे काही उमटेल ते पोथीचे नव्हे, कॅमेऱ्याचे, हे उघड आहे. ते मूळ चित्रातून वजा करावयाचे. लेखनिकाच्या लकबी त्याच्या अन्य लेखनावरून ओळखून प्रस्तुत प्रतीतून वेगळ्या काढाव्यात, तशातलाच हा प्रकार होय.

यावर एक आक्षेप संभवतो व तो दुर्लक्षणीय नाही. पोथी पुन्हा मिळण्यासारखी नसेल, एकच दाणेदार छायाचित्र उपलब्ध असेल, तर वरील उपदेशाचा उपयोग काय? सफाईवाचून जे पान वाचताच येत नाही, ते सफाईने निदान अंशतः तरी वाचता येते. मग तिचा त्याग करणे हा हटवाद नव्हे काय? शिवाय मानवी डोळाही हेच करतो. वाचक अक्षर पाहण्याआधी शब्द अपेक्षितो आणि त्या अपेक्षेने तुटलेली रेषा जोडून घेतो. हे सर्व मान्य करावयास हवे. सफाई त्याज्य आहे असे येथे प्रतिपादन नाही. तथापि डोळ्याने जोडलेली रेषा कागदावर उमटत नाही. दुसरा वाचक त्याच तुटलेल्या रेषेकडे पुन्हा पाहू शकतो व पहिल्याशी भांडू शकतो. सफाईने जोडलेली रेषा चित्रातच उमटते, आणि मूळ चित्र जपले नसेल तर त्या वादाची वाटच बंद होते.

या संदर्भात आपल्या परंपरेतील दोन दाखले बोलके आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठांतराने व लेखनिकांच्या हातांनी ग्रंथात शिरलेला गोंगाट दूर करणे हाच त्यांचा हेतू होता, आणि ते कार्य झाले नसते तर ग्रंथाची काय अवस्था झाली असती हे सांगता येत नाही. परंतु कोणता पाठ त्यांनी सोडला आणि कोणता घेतला, याची यादी आपल्यापाशी नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एका प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हापासून चाललेल्या वादाचे एक मूळ या अभावात आहे. शुद्धीकर्ता कितीही अधिकारी असो, त्याने काढून टाकलेले जपले गेले नाही तर त्याच्या शुद्धीची परीक्षा होऊ शकत नाही.

दुसरा दाखला हरतालाचा. पोथीत चूक झाली असता लेखनिक तीवर पिवळा हरताळ लावी. त्यावरूनच 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार भाषेत आला व त्यास सर्वस्व नाहीसे करण्याचा अर्थ प्राप्त झाला. परंतु प्रत्यक्ष पोथीतील हरताळ तितका निर्दय नाही. त्याचा पिवळा पट्टा स्वच्छ दिसतो; येथे काही होते व ते काढले आहे, एवढे तरी तो सांगतोच, आणि कित्येकदा त्याखालचे अक्षर वाचताही येते. हा हरताळ म्हणजे प्रामाणिक सफाई होय. गंमतीची व खेदाची गोष्ट अशी, की रंगांतील गोंगाट घालविण्यासाठी साधने रंगांना जोराने गुळगुळीत करतात. डोळ्याला रंगाचा बारीकपणा उजेडाच्या बारीकपणाइतका जाणवत नाही, म्हणून सामान्य छायाचित्रात हे खपून जाते. पोथीत मात्र हरताळाचा फिकट पिवळा पट्टा कागदाच्या पिवळेपणात विरण्याचा आणि हिंगुळाने काढलेला बारीक तांबडा दंड काळवंडण्याचा संभव असतो. म्हणजे वाक्प्रचारातील हरताळ खऱ्या हरताळावर फासला जातो.

सुदैवाने सफाईला पाठभेदांची तळटीप जोडण्याचे साधन त्याच शास्त्रात उपलब्ध आहे. ब्वादेस, कोल व मोरेल यांच्या २००५ सालच्या विवेचनातच ते सुचविले आहे. मूळ चित्रातून साफ केलेले चित्र वजा करावयाचे आणि उरलेला भाग, म्हणजे जे काढून टाकले तेवढेच, वेगळे पाहावयाचे. सफाई योग्य झाली असेल तर त्या उर्वरितात नुसता आकारहीन कणांचा सडा दिसला पाहिजे. त्यात शिरोरेषेची सावली, वेलांटीचे टोक वा अनुस्वारांची रांग ओळखू आली, तर गाळणीने ग्रंथ गिळला आहे असे निश्चित समजावे. ही परीक्षा करण्यास काही क्षण लागतात, आणि तिच्यासाठी साधनाच्या अंतरंगाचे ज्ञान असावे लागत नाही. मात्र तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथे मूळ चित्रातच संकेत नव्हता आणि जाळ्याने तो कल्पनेने भरला, तेथे उर्वरितातील आकृती काढलेले दाखविते की घातलेले, याचा निवाडा संपादकालाच करावा लागतो.

एवंच, छायाचित्रावरून काम करणाऱ्या संपादकाकडून काही गोष्टींची अपेक्षा करणे अवास्तव होणार नाही. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची प्रतिमा त्याने जपावी. भ्रमणध्वनीतील कॅमेरे प्रतिमा साठविण्यापूर्वीच सफाई करतात, तेव्हा शक्य तेथे कच्ची प्रतिमा साठविण्याची सोय वापरावी. पान समोर असतानाच अनेक छायाचित्रे व एक काळे चित्र घ्यावे. नंतरच्या कोणत्याही सफाईपेक्षा त्या दहा मिनिटांचे मोल अधिक आहे. कोणते साधन कोणत्या प्रमाणात वापरले याची नोंद प्रतीच्या वर्णनात, पोथीच्या लांबीरुंदीच्या शेजारी, असावी. वाचण्यास साफ केलेले चित्र घ्यावे, परंतु ज्या स्थळी एका बिंदूवर पाठ ठरतो तेथे कच्च्या चित्राकडे परत जावे, आणि तेथेही निर्णय होत नसेल तर सुकथनकरांची नागमोडी रेघ द्यावी.

दाणेदार पान वाचताना डोळ्यांस शीण होतो, हे खरे आहे. परंतु तो शीण वाचकास त्याच्या अज्ञानाची सीमा दाखवीत असतो. ती सीमा पुसून टाकल्याने ज्ञान वाढत नाही. सीमा कोठे होती, एवढेच कळेनासे होते.